शेवटच्या कडव्यातलं नाव

दादांनी माझ्याकडे आजवर एकच वस्तू मागून घेतली. गाणी ऐकायचा डबा.

दादा म्हणजे माझे वडील. हदगावच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत आमचं गाव आहे. तिथं ते आणि माय दोघंच राहतात. मी लातूरला राहते आणि नोकरीसाठी रोज बसनं चाकूरला जाते-येते. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. ज्यांच्या घरात आजोबांपासूनच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांनी खुशाल विनय दाखवावा. आमची भिंत तेव्हा कुडाची होती, तिच्यावर खिळासुद्धा ठरत नव्हता.

उमेदीची सगळी वर्षं दादांनी जिनिंगवर हमाली केली. कापसातून सरकी काढतात तिथं हवेत जो भुगा उडतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण छातीत जाऊन घर करतो. आता दादांचं बोलणं तुटक झालंय. दोन शब्द, मग श्वास, मग आणखी दोन शब्द. आणि हाच माणूस एकेकाळी आमच्या भागातल्या गायन पार्टीचा मुख्य गळा होता. लाऊडस्पीकर बंद पडला तरी दादांचं गाणं शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जायचं, असं लोक अजून सांगतात.

भीमजयंती होऊन थोडेच दिवस झाले होते. मायनं फोन लावून दादांच्या कानाला धरला.

"बाई, मला एक डबा आन. गाणी ऐकायचा."

"मोबाईलच घेऊन देते ना दादा, मोठा. त्यात सगळंच येतं."

"नको. मोबाईलात गाणं लावावं, तर मधीच कुणाचा तरी फोन. जेवाय बसलं आन पाव्हना आला, तसं होतंय."

"बरं. मग कसला आणू?"

"कसला बी आन. पण एक." इथं त्यांनी श्वास घेतला. "थांबिवलं की तिथंच थांबलं पाहिजे. पुन्हा दाबलं की तिथूनच पुढं. पयल्यापासून नको."

मला वाटलं, खोकल्याची उबळ येते म्हणून म्हणत असतील. बापाची अडचण आपल्याला न सांगता समजली, याचं मला थोडं कौतुकही वाटलं. कौतुक चुकीचं होतं, पण ते पुढं.

लातूरला गंजगोलाईत मी दुकानं पालथी घातली. "मॅडम, आता हे कोण घेतं? सगळं मोबाईलात आलंय," असं पहिल्यानं सांगितलं, दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग माळ्यावरून धुळीनं भरलेले खोके खाली यायला लागले. एक प्लेअर काडेपेटीएवढा, कानात वायर घालून ऐकायचा. त्याची बटणं ज्वारीच्या दाण्याएवढी. दादांच्या बोटांना पोत्याच्या हुकानं घट्टे पडलेले, ते एक दाबायला गेले तर तीन दाबली जाणार. दुसरा दिसायला झकास, पडद्यावर रंगीत लाटा नाचवायचा, पण थांबवून चालू केला की गाणं मुळापासून. तिसरा चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत असं काही ओरडायची, जणू तिच्या घरात आपणच शिरलोय. मायनं तो उचलून चुलीत घातला असता.

एका दुकानाच्या मालकाच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. माणूस मोठा अगत्याचा. वडलांसाठी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढं केलं. "मग हाच घ्या. महादेवाची गाणी भरून देतो. सकाळी लावलं की घर कसं प्रसन्न राहतंय."

"आमच्याकडं वेगळी गाणी लागतात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग खालचा कप्पा ओढला. "ती बी हायेत की. सगळ्यांची हायेत. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक."

मला हसू आलं. पण त्यांचाही डबा पहिल्यापासूनच सुरू व्हायचा. मी उठले.

त्या शोधाशोधीत माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. डबा कसलाही मिळो, त्यात दादांचं स्वतःचं एक गाणं पाहिजे. ते गाणं दादांनी मी शाळेत गेले तेव्हा रचलं होतं. रचलं म्हणजे लिहिलं नाही, दादांना अक्षर येत नाही. पोती उचलता उचलता जुळवलं आणि तोंडात ठेवलं. त्याच्या पहिल्या ओळी अशा:

*बोटं फाटली कापूस वेचता, लेकीच्या हाती पाटी,*
*अक्षर न्हाई आलं बापाला, ती वाचल बापासाठी.*

त्या गाण्यातली लेक मी. आमच्याकडच्या जयंत्यांमध्ये हे गाणं झाल्याशिवाय लोक उठायचे नाहीत.

गायन पार्ट्यांची एक रीत आहे. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. अमका म्हणे, ऐका हो, अशा पद्धतीनं. ऐकणारे त्यासाठी थांबलेले असतात. नाव आलं की टाळी पडते, शिट्टी पडते, कुणीतरी पुढं येऊन शर्टाला नोट लावतो. दादांना सही करता येत नव्हती, अंगठा होता. शेवटच्या कडव्यातलं नाव हीच त्यांची सही. त्या सहीवर त्यांचा भरवसा असा की मला शाळेतून आल्यावर सांगायचे, "कागदावरलं नाव खोडता येतंय, बाई. गाण्यातलं काढून दाखवा म्हणावं. एक अक्षर हललं तर चाल लंगडी होती."

दादांचं नाव चार अक्षरी आहे. इथं मी ते लिहीत नाही. त्याची जागा वेगळी आहे.

मायनं तर ते कधी उच्चारलेलंच नाही. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दवाखान्यात चिठ्ठी काढताना नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडं बघायची आणि मी सांगायचे. मी लातूरला आल्यापासून ती त्यासाठी शेजारणीला सोबत नेते. पार्टीच्या कार्यक्रमात शेवटचं कडवं जवळ आलं की बायका तिला कोपरानं ढोसायच्या, "आलं बघ, आलं बघ तुझं," आणि ती पदर तोंडावर ओढून घ्यायची.

पार्टीत दादांच्या उजव्या हाताला बसायचे ते पेटीकाका. पेटी वाजवायचे आणि दादांच्या मागून ओळ धरायचे. नात्यानं कुणीच नाहीत, पण आमच्या घरी त्यांचं ताट वेगळं वाढावं लागत नसे. ते चार इयत्ता शिकलेले होते, म्हणून कार्यक्रमाची सुपारी घेणं, पत्रिका वाचणं, स्टेजवरून बोलणं हे सगळं त्यांच्याकडं. त्यांचंही नाव चार अक्षरी. पार्टीतले लोक दोघांची चेष्टा करायचे, "एका मापाचे जोडे हायेत हे. अंधारात कुणी बी कुणाचे घालावे." दादा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

कुलूप मजबूत होतं. किल्ली शेजारीच बसून पेटी वाजवत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बारावीनंतर माझं लग्न करायचं घरात चाललं होतं. तेव्हा पेटीकाका येऊन ओसरीवर बसले ते उठेनात. "गाण्यात म्हणायचं लेकीच्या हाती पाटी, आन घरात म्हणायचं आता बास? मी नाही वाजवणार मग पेटी." दादांनी स्थळं बघणं थांबवलं. मी नांदेडला कॉलेजला गेले. वसतिगृहाच्या दारापर्यंत माझी पत्र्याची ट्रंक काकांनीच डोक्यावरून आणली होती. लोखंडाची कड टोचू नये म्हणून खाली रुमालाची चुंबळ केली होती, ती मला अजून दिसते. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचंय ते या माणसाबद्दलच आहे.

त्या काळी पार्टीनं नांदेडला जाऊन ही गाणी एका कॅसेटमध्ये भरली होती. कॅसेट विकायला कधी आली नाही. मूळ टेप काकांच्या घरी राहिली, कारण टेपरेकॉर्डर त्यांच्याच घरी होता. दादांचा आवाज गेल्यावर मी दोन-तीनदा ती मागितली होती. मला लाडानं माय म्हणणाऱ्या काकांचं दरवेळी उत्तर एकच, "टेप गुतली माय. फितीचा नुसता गुता झाला. काही राह्यलं नाही त्यात." डब्याच्या निमित्तानं मी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच. वर आणखी म्हणाले, "दादाला माझा जयभीम सांग. लई आठवण येती त्याची."

मी हळहळले आणि दुसऱ्या पार्ट्यांची जुनी गाणी जमवून एक मेमरी कार्ड भरून घेतलं.

महिन्याअखेरी गावाकडं निघाले. नांदेडला बस बदलायची होती, हाताशी वेळ होता, म्हणून वजिराबादेत शिरले. एका अरुंद दुकानात पाहिजे तसा डबा दिसला. वर धरायला कडी, समोर बोटभर रुंदीचा पडदा, आणि मधोमध एकच मोठं गोल बटण, दादांचा अख्खा अंगठा बसेल असं. दुकानदार तरुण होता. त्यानं त्याच्याजवळचं एक कार्ड आत सरकवलं. "ताई, यंदाच्या जयंतीचं कार्ड आहे. ऐका आवाज."

ढोलकी वाजली. मग दादांचा आवाज आला.

मी स्टूलवर बसले. नुसता सारखा आवाज नव्हे, दादाच. छाती भरलेली, 'कापूस' म्हणताना 'का'वर घेतलेला तो झोका. तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. मी मधेच बटण दाबलं. गाणं थांबलं. पुन्हा दाबलं, तर तिथूनच पुढं सुरू झालं. म्हटलं, झालं काम! डबा मिळाला, गाणं मिळालं. टेप गुतली नव्हती, काकांना माहीत नव्हतं एवढंच, त्यांना पहिला फोन करायचा. हे सगळं माझ्या मनात एका दमात येऊन गेलं.

मग शेवटचं कडवं आलं आणि दादांचा आवाज बंद झाला. ढोलकी तीच, चाल तीच. पण आवाज पेटीकाकांचा, म्हातारा झालेला, आणि नाव त्यांचं. चार अक्षरं. मापात चपखल बसलेली. अमका म्हणे, माझी लेक ही, उजेड घेऊन आली.

पडद्यावर अक्षरं सरकत होती. गायक म्हणून काकांचं नाव, आणि पुढं 'व पार्टी'.

"मस्त गाणं आहे ना?" दुकानदार म्हणाला. "यंदा मिरवणुकीतल्या सगळ्या ट्रकांवर हेच होतं."

मी डबा घेतला, आणि ते कार्डही मागून घेतलं.

काका आता नांदेडलाच मुलाकडं राहतात. रिक्षा करून गेले. ते बाजेवर बसले होते, मला बघून खरोखर आनंदले. "ये माय, ये! अगं ऐकलं का, लातूरची साहेबीण आली. चहा टाक." काकू आतून हसत बाहेर आल्या आणि परत आत गेल्या.

मी डबा बाजेवर ठेवला आणि बटण दाबलं.

दादांचा आवाज सुरू झाला तशी काकांची बोटं मांडीवर चालायला लागली. सवय. ती बोटं खोटी नव्हती. शेवटच्या कडव्याला ती थांबली.

"चांगला हाय डबा," ते म्हणाले. "नांदेडातच घेतला का?"

"टेप गुतली होती ना काका?"

"गुतलीच होती. पोरानं सोडवली. त्यानं स्टुडिओ टाकलाय, तुला ठाव हाय. खरखर काढली, ढोलकी नव्यानं भरली."

"आणि शेवटचं कडवं?"

"ते खराब झालं होतं. ते मी नव्यानं म्हणलं."

"म्हटलंत ते म्हटलंत. नाव कुणाचं घेतलंत?"

त्यांनी डब्याकडं बघितलं, जणू उत्तर त्यानं द्यायचं होतं. "हे बघ माय. गाणं काय एकट्याचं असतंय? चाल कुणी बसवली? पेटी कुणी वाजवली? गाणं समाजाचं असतं."

"समाजाचं आहे तर समाजाचं नाव घालायचं. तुमचं कशाला?"

"तुझ्या दादाला आता कोण वळखतं?" त्यांचा आवाज चढला. "त्याला गाता येतंय का? मी अजून कार्यक्रम करून राहिलो. लोक विचारतात, नवीन काय हाय तुमचं. कायतरी द्यावं लागतं. आन मी परका हाय का? कॉलेजला तुला कुणी घातलं? ट्रंक कुणी वाहिली? तुझ्या बापाच्या मनात नव्हतं, मी बसलो अडून. आज खुर्चीवर बसतीस ते कुणामुळं?"

"ते मी कधी विसरले नाही."

"मग? मी बी तुला लेकच मानलं की."

इतका वेळ मी उभी होते ती रागानं. या वाक्यावर माझा रागसुद्धा गेला, मी नुसतीच गार पडले. त्या कडव्यात 'माझी लेक' आहे. काकांना दोन मुलगे, मुलगी नाही. जयंतीच्या प्रत्येक ट्रकावर मी त्यांची लेक होऊन वाजत गेले होते. ज्या बापानं पोत्यांखाली वाकून ते गाणं जुळवलं, तो त्या गाण्यात कुठंच नव्हता.

"मानायला मी कधी ना म्हटलं?" मी म्हणाले. "पण दादांना काढून कशाला?"

काकांनी डबा माझ्याकडं सरकवला.

"मूळ टेप द्या. आहे तशी द्या."

"पोरानं पुसली. तिच्यावर दुसरं भरलं."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, कारण त्या माझ्याकडं न बघता कपाकडं बघत होत्या. मी चहा घेतला नाही. त्या घरात मी चहा न घेता उठले असं याआधी कधी झालं नव्हतं. दारात काकांनी जयभीम घातला. मीही घातला, पण तो त्यांना नव्हता. इथं मी त्यांना अजून अहो-जाहो लिहितेय. ती बोटांची सवय आहे, जशी त्यांची.

बसमध्ये मी ते कार्ड डब्यातून काढून पर्समध्ये ठेवलं आणि लातूरहून आणलेलं कार्ड आत घातलं. ठरवलं, दादांना यातलं काही कळू द्यायचं नाही. छाती अशी झालेली, त्यात हे कशाला? नंतर वकील गाठायचा की नुसतं चारचौघांत बोलायचं, ते मी बघणार होते. शिकले कशासाठी मग?

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. दादांनी डबा मांडीवर घेतला, सगळीकडून हात फिरवला, बटणावर अंगठा ठेवून पाहिला. गाणं लागलं. त्यांनी थांबवलं, पुन्हा सुरू केलं. तिथूनच. मग ते लहान पोरासारखे हसले.

"ब्येस आनला." श्वास. "आपलं हाय का यात?"

"नाही दादा. ती टेप गुतली होती ना."

दादांनी मायकडं बघितलं. माय गहू निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"गुतली न्हाई," दादा म्हणाले. "जयंतीला ट्रकावर वाजलं. सगळं गाव नाचलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझा गळा हाय. मला वळखू येणार न्हाई?"

"शेवटचं कडवंही ऐकलंत?"

"ट्रक दारातच थांबला होता. आपलंच गाणं म्हणून थांबिवला पोरांनी, माझ्या मानासाठी." एवढं एका दमात बोलल्यावर त्यांना खूप वेळ खोकला आला. मायनं पाणी दिलं. "पोरांना काय ठाव? नाव येईस्तोवर ती नाचायला लागली होती."

माझ्या डोळ्यांसमोर ते आलं. ओट्यावर बसलेले दादा. त्यांच्या मानासाठी थांबलेला ट्रक. त्यांचाच आवाज, आणि शेवटाला दुसऱ्याचं नाव. आणि भोवती टाळ्या.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू भांडली असती."

"भांडूनच आले मी!"

"बघा," माय सुपातून म्हणाली, "म्या म्हणलं नव्हतं?"

मला हसू आलं नाही. काकांनी फसवलं ते फसवलं, पण या दोघांनी मला दुकानोदुकानी हिंडवलं. मी खोकल्याचा विचार करत बटणं तपासत होते आणि यांना सगळं ठाऊक होतं. पदवी घेतलेली लेक म्हणजे भांडकुदळ, तिला सांगायचं नाही, तिच्याकडून फक्त डबा आणवायचा. मी तसं बोलूनही दाखवलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढं केला.

"आन ते कार्ड."

"कोणतं?"

"तुझ्यापशी हाय. तू पुरावा सोडून यायची न्हाईस."

मी पर्स उघडली.

गाणं सुरू झालं. दादांनी डोळे मिटले. ओठ हलवले नाहीत, मान हलवली नाही. ते श्वास साठवत होते, हे मला उशिरा कळलं. तरणाबांड आवाज घरभर फिरला. मायचं गहू निवडणं थांबलं. शेवटच्या आधीचं कडवं संपलं, ढोलकीची उठावणी झाली आणि दादांनी अंगठा दाबला.

शांतता. आणि त्या शांततेत दादांनी शेवटचं कडवं स्वतः म्हटलं. आवाज म्हणावा असा नव्हताच तो, करवतीसारखा घासत होता, ओळ दोनदा तुटली. पण नाव अख्खं आलं. चारही अक्षरं. सूर तोच, जिथं डब्यातल्या दादांनी सोडला होता तिथूनच उचललेला.

मग त्यांनी पुन्हा बटण दाबलं. काकांचा आवाज आला आणि काकांचं नाव.

"बंद करा ना आता," मी म्हणाले.

"वाजू दे." त्यांना धाप लागली होती, तरी तोंडावर हसू होतं. "तो माझ्या मागून म्हणायचा. पयल्यापासून. आता बी मागूनच म्हणून राहिला."

पार्टीत तसंच असतं. मुख्य गायक ओळ म्हणतो आणि मागचा तीच ओळ धरतो. दादांनी स्वतःचं नाव आधी घेतलं आणि काकांना परत त्यांच्या जागेवर, पेटीमागं नेऊन बसवलं. वकील नाही, भांडण नाही. एक बटण. कसला डबा पाहिजे हे त्यांनी जयंतीच्या दिवशी ओट्यावरच ठरवलेलं होतं.

मी मोबाईल काढला. "दादा, पुन्हा म्हणा. मी भरून घेते. तुमचं कडवं जोडून देते गाण्याला. आपणही करू शकतो ते."

"नको."

"का पण?"

"ठेवलेलं चोरीला जातं, बाई." श्वास. "म्हणलेलं न्हाई जात."

मला ते पटलं नाही. लिहून ठेवलं नाही म्हणून आपलं सगळं गेलं, असं मी शाळेपासून शिकत आले. हे शिक्षण मला ज्या दोन माणसांनी दिलं त्यातल्या एकानं चोरी केली, आणि दुसरा म्हणतो ठेवूच नको. मी कुणाचं ऐकायचं? दादांचं समाधान झालं असेल. माझं झालेलं नाही. दादांची छाती किती दिवस साथ देणार, हे मला दवाखान्याच्या कागदांवरून कळतं. ज्या दिवशी त्यांचं कडवं त्यांच्या तोंडातून निघणार नाही, त्या दिवशी डब्यात एकच नाव उरणार.

परवा चाकूरच्या बसमध्ये पुढच्या बाकावरच्या माणसानं मोबाईलवर तेच गाणं लावलं. मी उतरायच्या तयारीत होते. दादांचा आवाज आला म्हणून बसून राहिले. मग शेवटचं कडवं आलं. तो माणूस नाव आल्यावर मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला म्हणाला, "काय माणूस असंल हा! पोरीसाठी केवढं केलं." बसभर लोकांना कुठून सुरुवात करून सांगणार? माझा थांबा मागं गेला, परत चालत आले.

काल संध्याकाळी घरी फोन केला. मायनं उचलला.

"दादा कसे आहेत?"

"आज दम लई हाय. आत्ताच डबा लावला होता. बटन दाबलं, आन तोंडातून नुसती हवाच निघाली. दोनदा बघितलं. मग बसले माझ्याकडं बघत."

"मग?"

"मग काय मग. डबा थांबलेला, मानूस थांबलेला. किती येळ थांबायचं?"

"मग केलं काय?"

मागं दादांचा खोकला ऐकू येत होता. खोकल्यात हसू मिसळलं की त्यांचा कसा आवाज होतो ते मला माहीत आहे.

"घेतलं," माय म्हणाली.

"काय घेतलं?"

"आता दवाखान्यातल्या चिठ्ठीवालीवानी इचारू नको मला. घेतलं म्हंजे घेतलं. चालीत घेतलं."

मी विचारलं, "नीट बसलं का चालीत?"

"न बसाया काय झालं? चार तर अक्षरं हायेत. आन हे तिकडं कचेरीत सांगत बसू नको कुणाला." मग घाईघाईनं म्हणाली, "ठेव फोन आता. डबा अजून थांबलेलाच हाय. बटन दाबायचं राह्यलंय."